खरी मी कुठली, डबा देणारी का तोंड सोडणारी?

राजारामपुरीची_सून:
नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. वय 41, कोल्हापुरात राजारामपुरीत मोठं घर, येणंजाणं भरपूर. नात्यात कुणी ॲडमिट झालं की पहिला फोन मलाच, डबा मी, रात्री थांबायला मी, आणि हे मला मनापासून आवडतं, कुणी जबरदस्ती केलेली नाही. पण तोंड माझं लई फटकळ, आणि एखादी गोष्ट डोक्यात गेली की वर्षानुवर्षं तिथंच मुक्काम.

2019 चा पूर आठवतोय ना. शुक्रवार पेठेतली नणंद घरच्यांना घेऊन आमच्याकडं आलेली, पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पार 55 च्या वर, हायवे बंद, आणि सगळीकडं पाणीच पाणी पण नळाला थेंब नाही कारण उपसा केंद्रंच पाण्यात. मी सगळ्यांचं केलं, त्यांच्या शेजारच्या आजींनाही ठेवून घेतलं. आणि एक दिवस टँकरचं भरून ठेवलेलं पाणी वन्संनी केस धुवायला घेतलं, तर हातातली बादली काढून घेऊन मी जे काय बोलले ते अजून प्रत्येक लग्नात निघतं. इतक्या जणांना महिनाभर जेवू घातलं ते राहिलं बाजूला, बादली तेवढी सगळ्यांच्या लक्षात.

नवरा म्हणतो तू मुळात चांगलीच आहेस, फक्त राग सोड. जाऊबाई म्हणतात मदत ती मिरवायला करते, खरा स्वभाव तो बादलीचा. आणि मोबाईल उघडला की 'स्वतःला आहे तसं स्वीकारा'. म्हणजे नेमकं करायचं काय? फटकळपणा तसाच ठेवायचा?

गंगावेस_कट्टा:
ताई जाळ आन धूर संगटच, कोल्हापुरात ऱ्हाऊन हे काय विचारालाय. बादलीच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूनं, पुरात केस धुतंय व्हय कोण.

मनाचं_वेड:
मानसशास्त्रात एम.ए. केलंय, प्रॅक्टिस करत नाही, त्यामुळं तेवढ्याच हिशोबानं घ्या. कार्ल युंग म्हणून स्विस मानसोपचारतज्ज्ञ होऊन गेले (1875-1961). आपण स्वतःतला जो भाग 'हा मी नव्हेच' म्हणून ढकलून देतो त्याला ते शॅडो म्हणायचे, सावली, आणि चारचौघांत घालून फिरतो तो मुखवटा म्हणजे पर्सोना. लोक शॅडो म्हटलं की सगळी घाणच समजतात पण कामाच्या गोष्टीही तिथंच पडलेल्या असतात. लहानपणापासून 'मुलीच्या जातीनं आवाज चढवू नये' ऐकलेलं असलं की साधं 'नाही' म्हणायची ताकदपण तिकडंच जाऊन बसते. मग 'वन्सं, पाणी पिण्यापुरतंच आहे हं' हे पहिल्या दिवशी शांतपणे सांगायचं राहून जातं आणि नंतर एकदम स्फोट.

दुसरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, यांनी 1955 च्या सुमाराला विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. त्यांचं म्हणणं, मार्क वागण्याला द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका. डबा नेला, छान. चारचौघांत वन्संचा अपमान केला, वाईट. दोन्ही तुम्हीच केलं आणि दोन्हीची बेरीज करून 'मी कशी' हे काढताच येत नाही, त्यामुळं 'खरी मी कुठली' हा प्रश्नच बाद. नवऱ्याचं 'मुळात चांगली' हेसुद्धा लेबलच आहे, गोड आहे एवढंच.

उंबऱ्याच्या_आत:
हे 'स्वीकार' वगैरे वाचलं की माझं डोकं उठतं, स्पष्टच लिहिते. माझे वडील अख्ख्या पेठेचे लाडके. मंडळाचं काम असो, कुणाचं लग्न असो, मयत असो, सगळ्यात पुढं. घरात मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. आणि बाहेरचे येऊन आईला सांगायचे, वहिनी, स्वभाव आहे त्यांचा, मनानं राजा माणूस. स्वीकार केला तो आम्ही, त्यांनी कधीच नाही. त्यांच्या मते ताट आपोआप उडायचं किंवा आईमुळं उडायचं.

ताई तुम्ही तशा वाटत नाही, तशा असता तर इथं विचारायला आलाच नसता. पण आमच्यापेक्षा घरात विचारा. तुम्ही आत आलात की पोरं आवाज बारीक करतात का?

मनाचं_वेड:
पटलं. 'हो, ताट मी फेकलं' इतकं तरी तोंडातून निघालं पाहिजे, तिथनं पुढं स्वीकार. आणि जुनं अजून त्रास देत असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं.

राजारामपुरीची_सून:
विचारलं. थोरली म्हणाली 'डिपेंड्स', धाकटा म्हणाला तुझा मूड बघून परीक्षेचे मार्क सांगतो. बसले गप.

पण एक सांगू का, हेच तोंड हॉस्पिटलात सगळ्यांना पाहिजे असतं. मागं मावशींच्या वेळी महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर उद्या या, झेरॉक्स आणा, साहेब जेवायला गेलेत असं तीन वेळा झालं, तेव्हा जाऊबाईच म्हणाल्या, तिला पाठवा. गेले, बोलले, सही झाली. तिथं टाळ्या आणि घरात टोमणे! आणि मिरवायला करते हे जे त्या म्हणतात ना, ते टोचतं कारण डबा भरताना मनात वही चालू असते माझ्या. कुणी मागं फोन केला नाही, कुणी डबा न धुता परत दिला, सगळं तारीखवार.

लक्ष्मीपुरी_घाऊक:
धान्याचा व्यापार आहे आमचा, म्हणून त्याच भाषेत. तुम्ही उधारी देताय आणि समोरच्याला खातं उघडल्याचं माहीतच नाही. तो फुकट समजून नेतोय, तुम्ही व्याज लावत बसलाय, आणि वसुली निघते ती भलत्याच दिवशी, बादलीवरनं. माझ्या मते तुमच्या रागापेक्षा तुमच्या चांगुलपणाकडंच आधी बघायला पाहिजे. झेपेल तेवढंच करायचं, आणि जे परत पाहिजे ते आधी सांगायचं. आईच्या ऑपरेशनला मी व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळ्या टाकल्या, नावासकट. आधी तोंडं वाकडी झाली, मामांनी ग्रुप सोडला, त्यांना परत घेतला. आले सगळे गपगुमान. खिडकीवर जे तोंड चालतं तेच इथं वापरायचं, फक्त पाणी संपायच्या आधी.

गंगावेस_कट्टा:
मामांनी ग्रुप सोडला हे आमच्याकडंबी सेम.

राजारामपुरीची_सून:
घाऊकवाले भाऊ, वर्मावर बोट ठेवलंत. मामेसासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात. आत्ताच ग्रुपवर टाकलं, सोमवार मी, मंगळवार जाऊबाई, बुधवार वन्सं. वन्संचा अंगठा आला. जाऊबाईंनी वाचलंय, निळी टिक दिसतीय, उत्तर नाही. मी अजून काही बोललेली नाही, पण तासभर झालाय आणि हात शिवशिवायलेत.