थार जीपला बर्फात चाकावर चढवायची चेन घेऊ की चिखलाचे मड टायर?

जांबोटीकर: शेताकडचा शेवटचा तुकडा तांबड्या मातीचा, जुलैत गाडी नुसती घसरते. जानेवारीत मनालीला जायचंही ठरलंय. दोन्ही एकात भागेल काय?

खानापूरचा मेस्त्री: नाही भागायचं. शेतासाठी मड टायर घे. खाचा रुंद असतात, चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो. साध्या टायरची नक्षी एकदा भरली की संपलं. खरं, मड टायर हायवेवर घोंगावतोय, डिझेलही जास्त खातोय. बेळगावला रोज जात असशील तर ऑल टेरेन, म्हणजे रस्ता नि चिखल दोन्हीकडं चालणारा टायर, बघ की.

घाटवेडा: बर्फात मड टायरवर विसंबू नका, साहेब. थंडीत रबर कडक होतं, घट्ट बर्फावर पकड राहत नाही. तिथं चेनच. वेग ४० च्या आत, डांबर लागलं की काढायची. आधी अंगणात चढवून बघा. बोटं बधिर झाल्यावर हुक सापडत नाही.

बैलहोंगलवाला: आमच्या काळ्या मातीत मड टायरचाही लाडू होतोय बघा! हवा थोडी कमी केली तर निघतोय. परत हवा भरायला कंप्रेसर मात्र गाडीत पाहिजे.

जांबोटीकर: मग ऑल टेरेन टाकतो, चेन डिकीत. मेस्त्री, शनिवारी येऊ काय?