प्रतापसिंह हायस्कूल, सातारा : तुमच्या आठवणी लिहा

आपली शाळा १८५१ची. आधी सरकारी हायस्कूल, आता जिल्हा परिषदेची. ७ नोव्हेंबर जवळ आला की तिचं नाव सगळीकडे निघतं, कारण १९००मध्ये याच तारखेला भिवा रामजी आंबेडकर या मुलाला इथे पहिली इंग्रजीत दाखल केलं. रजिस्टरला क्रमांक १९१४. २०१७मध्ये राज्य सरकारने हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून जाहीर केला. पण त्या दिवशीची भाषणं बहुतेक रजिस्टरच्या त्या एका ओळीवरच संपतात. तुम्ही इथे शिकला असाल, शिकवलं असेल, घरातलं कुणी शिकलं असेल, तर लिहा. आठवण छोटी असली तरी चालेल.

माजी विद्यार्थी, ऐंशीच्या दशकातली बॅच

राजवाड्यात शाळा म्हणजे काय, हे तेव्हा कळायचं नाही. जाड भिंती, लाकडी खांब, उन्हाळ्यात गारवा, एवढंच. इतिहासाच्या सरांनी एकदा पुस्तक मिटून ठेवलं आणि प्रतापसिंह महाराजांबद्दल सांगितलं. १८३९मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं, त्यांचे वकील रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला थेट लंडनपर्यंत गेले, महाराज मात्र परत आले नाहीत. ज्यांच्या वाड्यात बसलोय त्यांचीच गोष्ट ऐकतोय म्हटल्यावर वर्गात कुणी हललं नाही.

आमच्या बॅचमधून एसटीत, पोलिसात, फौजेत, शेतीत गेलेले बरेच. मोठ्या नावांच्या यादीत यातलं कुणी नसेल, पण शाळेने आम्हालाच घडवलं, हेही कुठेतरी लिहिलेलं असावं.

कोरेगाव तालुक्यातली, सध्या पुणे

मी या शाळेची विद्यार्थिनी नाही. माझे आजोबा शेतमजूर होते, सही करण्यापुरतं शिकलेले. शेजाऱ्याच्या मुलाला घेऊन ते एकदा मुद्दाम साताऱ्याला गेले, शाळा बाहेरून बघितली आणि परत आले. ‘बाबा हितं शिकलं,’ एवढंच सांगायचे आणि गप्प व्हायचे. ते गप्प का व्हायचे, ते मी कॉलेजात बाबासाहेबांचं आत्मकथनपर लिखाण वाचलं तेव्हा समजलं.

साताऱ्यातल्या शाळेचे दिवस त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. हुशारीप्रमाणे जागा मिळायची ती इतर मुलांना. त्यांनी कोपऱ्यात एकट्याने बसायचं. बसायला गोणपाट, तेही स्वतःचं. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावणार नाही, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच प्यायचं. शिपाई नाही तर पाणी नाही. नऊ-दहा वर्षांचं पोर होतं ते.

म्हणून मला मनापासून वाटतं, ‘आमच्या शाळेचे विद्यार्थी’ असा फलक लावताना गोणपाटाचीही गोष्ट सांगायला हवी. रजिस्टरात नाव घातलं गेलं. वर्गात जागा मिळाली नाही. मुलांना दोन्ही कळू देत. माझ्या मुलाला मी त्या रजिस्टरबद्दल सांगितलं त्याच दिवशी हेही सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘मग बाकीची मुलं काहीच बोलली नाहीत?’ याचं उत्तर मला देता आलं नाही.

निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

वरची आठवण वाचून लिहितो. ताई म्हणतात ते सगळं खरं आहे आणि शिक्षकाने ते आधी ऐकून घ्यायला हवं. त्याच वेळी बाबासाहेबांनी दोन गुरुजींची आठवण प्रेमाने काढली आहे. पेंडसे गुरुजींनी पावसात चिंब भिजून आलेल्या भिवाला आपल्या मुलाबरोबर घरी पाठवलं, गरम पाण्याने आंघोळ घालायला लावली, नेसायला लंगोटी दिली. आंबेडकर गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्यातली भाजीभाकरी द्यायचे. बाबासाहेबांना आंबेडकर हे आडनाव याच गुरुजींकडून मिळालं असं सांगतात, त्या गोष्टीवर वाद आहेत, त्यात मी पडत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: गोलमेज परिषदेला निघताना या गुरुजींचं पत्र आलं आणि बाबासाहेबांनी ते जपून ठेवलं.

माझ्या नोकरीच्या काळात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना मी हे सांगायचो. व्यवस्था एकट्याने बदलता येत नसेल, पण आपल्या वर्गात कोण कुठे बसतं आणि डबा कोणाकडे नाही, हे बघणं आपल्याच हातात असतं.

एल्फिन्स्टन हायस्कूल, मुंबईचा माजी विद्यार्थी

पुढचा टप्पा आमच्या शाळेत. तीही सरकारीच. १९०७मध्ये बाबासाहेब इथून मॅट्रिक झाले. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतः मेहनतीने शिकून घेतलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. त्या मुलाच्या प्रश्नावर इथल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जरूर लिहावं. आणि भिवाच्या शिक्षणाची सुरुवात दापोलीत झाली, त्यामुळे दापोलीकर कुणी असतील, तर तिकडच्या शाळांबद्दल घरात काय सांगितलं जायचं तेही इथे येऊ दे.