मिशिगन सरोवरावरची ‘बॅजर’ फेरीबोट इतकी वर्षे कशी टिकली?

प्रश्न : अमेरिकेतल्या लडिंग्टन आणि मॅनिटोवॉक या गावांदरम्यान प्रवासी आणि मोटारी घेऊन चार तासांत मिशिगन सरोवर ओलांडणारी ‘एस. एस. बॅजर’ ही पोलादी आगबोट १९५३ पासूनची आहे. समुद्रावरची मालवाहू जहाजे साधारण पंचवीस-तीस वर्षांत भंगारात निघतात. मग हिचे पोलाद काही वेगळ्या प्रतीचे आहे काय?

उत्तर १ : फरक पोलादापेक्षा पाण्यात अधिक आहे. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया असल्यामुळे, क्षारांनी भरलेल्या आणि म्हणून विजेचे सहज वहन करणाऱ्या समुद्राच्या पाण्यात ती झपाट्याने होते. मिशिगन सरोवरासारख्या गोड्या पाण्यात मात्र ती बरीच मंदावते. शिवाय ही बोट साधारणपणे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच चालते आणि उरलेला काळ धक्क्याला बांधलेली असते. मिशिगन ज्यांपैकी एक आहे, त्या उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांत अशी दीर्घायुषी जहाजे आणखीही आहेत. १९०६ साली बांधलेले ‘सेंट मेरीज चॅलेंजर’ २०१३ पर्यंत स्वतःच्या इंजिनावर मालवाहतूक करीत होते.

उत्तर २ : वरील खुलासा योग्य असला तरी मला तो अपुरा वाटतो. ‘स्पार्टन’ ही बॅजरची जुळी बहीण त्याच कारखान्यात, त्याच आराखड्यावर बांधली गेली आणि त्याच सरोवरावर चालली. तरीही ती १९७९ पासून लडिंग्टनच्या धक्क्याला उभी आहे आणि तिचे सुटे भाग बॅजरच्या दुरुस्तीसाठी वापरले गेले आहेत. म्हणजे सांगाडा टिकणे आणि बोट चालू राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या दोन्ही बोटी मुळात रेल्वेचे भरलेले डबे पलीकडे नेण्यासाठी आणि हिवाळ्यातला बर्फ फोडत वर्षभर चालण्यासाठी बांधलेल्या होत्या, त्यामुळे बांधणी भक्कमच होती. (डब्यांसाठी घडवलेल्या डेकला मोटारींचे ओझे ते काय!) पण डब्यांची वाहतूक घटत जाऊन १९९० च्या नोव्हेंबरमध्ये बॅजरही बंद पडली. १९९२ मध्ये नव्या मालकाने तिला प्रवासी आणि मोटारींसाठी पुन्हा पाण्यात आणले नसते, तर गोड्या पाण्याने वाचवलेले पोलाद अखेर भंगारवाल्याकडेच गेले असते.

प्रश्नकर्ता : स्पार्टनचे उदाहरण पटले. परंतु बोट अजूनही कोळशावर चालत असेल, तर राखेचे काय करतात?

उत्तर २ : अनेक वर्षे ती राख पाण्यात कालवून थेट सरोवरात सोडली जात असे, आणि याविरुद्धची टीका माझ्या मते रास्तच होती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेशी २०१३ मध्ये झालेल्या, न्यायालयात नोंदवलेल्या समझोत्यानुसार ही पद्धत थांबवावी लागली. २०१५ च्या हंगामापासून राख बोटीवरच साठवून किनाऱ्यावर उतरवली जाते. बोटीला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, २०१६ मध्ये.