खापर गँगस्टा रॅपवर नको

अरेस्टेड डेव्हलपमेंट या अमेरिकी हिप-हॉप ग्रुपचा १९९४ चा दुसरा अल्बम 'झिंगालामादुनी' रॅपर डॉ. ड्रेच्या गँगस्टा रॅपच्या, म्हणजे बंदुका आणि टोळ्यांच्या रॅपच्या, लाटेत वाहून गेला, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. लाट होतीच. पण त्याच लाटेत अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या दुसऱ्या हिप-हॉप ग्रुपचा 'मिडनाइट मरॉडर्स' हा अल्बम व्यवस्थित खपला, आणि त्यातही बंदुका-बिंदुका नव्हत्या. खरं सांगायचं तर 'झिंगालामादुनी'च रटाळ होता. पहिल्या अल्बममध्ये ग्रुपचा म्होरक्या स्पीच स्वतःचं काहीतरी सांगत होता. त्यातलं 'टेनेसी' हे गाणं त्याला आजी आणि भाऊ एकाच आठवड्यात गेल्यावर सुचलेलं. दुसऱ्यात बराच वेळ नुसता उपदेश, तोही शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखा.

आणखी एक गोष्ट, ती म्हणजे गायिका डिऑन फॅरिस. 'टेनेसी'चा शेवट हेडफोन लावून ऐका. रॅप मागे पडतो आणि एका बाईचा आवाज मोकळा सुटून वर वर जातो, तो तिचा. खरं तर गाणं तिथेच अंगावर येतं. दुसऱ्या अल्बमच्या आधीच ती बाहेर पडली. १९९३ मध्ये सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचं ग्रॅमी मिळवणारा हा पहिला हिप-हॉप ग्रुप १९९६ पर्यंत फुटलासुद्धा, आणि मधल्या काळात, १९९५ मध्ये, डिऑनचं स्वतःचं 'आय नो' हे गाणं बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं! रॅप नाही, चक्क गिटारवालं पॉप गाणं. स्पीचला तिच्या जागी तसा गळा शेवटपर्यंत सापडला नाही, असं माझं मत.