'नॉट ओन्ली'च्या आधी 'इन' की नंतर? एका वाक्यावरून ऑफिसात तीन मतं

माहेर_निफाड

नमस्कार मंडळी. मी ठिबक सिंचनाचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात मराठी माहितीपुस्तिकांचं इंग्रजी करते. इंग्रजी माझं बारावीपर्यंतचं, पुढचं सगळं काम करता करता शिकलेलं. परवा एका वाक्यावर गाडी अडली. मूळ मराठी साधं आहे: 'गळती केवळ सांध्यांतच नव्हे तर लॅटरलमध्येही होऊ शकते.' (लॅटरल म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणारी बारीक नळी.)

मी लिहिलं: 'लीकेज कॅन नॉट ओन्ली ऑकर इन द जॉइंट्स बट ऑल्सो इन द लॅटरल्स.'

शेजारच्या टेबलावरच्या मुलाने सुधारून दिलं: 'लीकेज कॅन ऑकर इन नॉट ओन्ली द जॉइंट्स बट ऑल्सो इन द लॅटरल्स.'

मग ते साहेबांकडे गेलं. त्यांनी लाल पेनने दुसरा 'इन' उडवला: 'ऑकर इन नॉट ओन्ली द जॉइंट्स बट ऑल्सो द लॅटरल्स.'

मला साहेबांचं वाक्य कानाला खटकतं, म्हणून समासात पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली आहे. पण का खटकतं ते सांगता येईना. फाइल सोमवारी छापायला जाणार. 'इन'ची जागा नक्की कोणती?

बांधावरचा_बंड्या

ताई, शेतकरी गळती बघणार की 'इन' बघणार? कुठलंही टाका. चित्र मोठं छापा म्हणजे झालं.

खडूवाला_मास्तर

बंड्याभाऊ, चित्र मोठं छापाच. पण ताईंनी विचारलंय ते खरोखर विचारण्यासारखं आहे.

मी कोरेगाव तालुक्यात 31 वर्षं दहावीला इंग्रजी शिकवलं. 'डू अॅज डायरेक्टेड'मध्ये 'नॉट ओन्ली, बट ऑल्सो' वापरून वाक्य पुन्हा लिहा, हा आमचा ठरलेला प्रश्न. पोरं काय करायची, तर डोळे मिटून क्रियापदाच्या आधी 'नॉट ओन्ली' ठोकायची. दहातल्या आठ वाक्यांत ते जमूनही जायचं, म्हणून ती खोड मुरली. ताई, तुमच्या पहिल्या वाक्यात मला तीच खोड दिसते. राग मानू नका.

आता एक करा. कागदावर 'नॉट ओन्ली'वर एक बोट ठेवा, 'बट ऑल्सो'वर दुसरं. दोन्ही बोटांच्या लगेच पुढे काय आहे ते वाचा. तुमच्या वाक्यात पहिल्या बोटापुढे 'ऑकर इन द जॉइंट्स' म्हणजे क्रियापदासकट सगळं, आणि दुसऱ्यापुढे नुसतं 'इन द लॅटरल्स'. वाचणाऱ्याला पहिल्या बोटाशी वाटतं की गळती 'होते' एवढंच नाही, आणखी काहीतरी 'करते'. निघतं वेगळंच. शेजारच्या मुलाच्या वाक्यात पहिल्यापुढे 'द जॉइंट्स', दुसऱ्यापुढे 'इन द लॅटरल्स'. तीन वाक्यांत हे सगळ्यात लंगडं.

साहेबांचं मात्र बरोबर आहे हो! 'द जॉइंट्स', 'द लॅटरल्स', दोन्हीकडे सारखंच. फुली खोडावी लागणार.

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. मी फळ्यावर हे लिहीत असताना दारातून डोकावून म्हणाले, "मास्तर, हे तर सामाईक अवयव काढणं झालं." तेव्हापासून मी तसंच शिकवलं. 'इन' कंसाबाहेर काढलात तर एकदाच लिहायचा आणि आत शिल्लक ठेवायचा नाही: 'इन नॉट ओन्ली द जॉइंट्स बट ऑल्सो द लॅटरल्स'. कंसाबाहेर काढला नाहीत तर दोन्ही पदांत ठेवायचा: 'नॉट ओन्ली इन द जॉइंट्स बट ऑल्सो इन द लॅटरल्स'. बाहेर एक आणि आत एक, हे गणितातही चूक आणि इंग्रजीतही. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर', 'बोथ-अँड' सगळ्यांना हेच लागू.

तुम्हाला साहेबांचं का खटकतं, त्याचं कारण मला वाटतं तुमच्या मराठी कानात आहे. आपला '-त' शब्दाला चिकटलेला. 'केवळ पुणेच नव्हे तर मुंबईतही पाऊस झाला' असं वर्तमानपत्रात दिसतं, पण घरात कोणी तसं बोलत नाही. आई म्हणणार, 'पुण्यातच नाही, मुंबईतही झाला.' दोन्हीकडे '-त'. उलट 'येथे' सुटा आहे, म्हणून 'पुणे आणि मुंबई येथे' एकात भागतं. इंग्रजीतला 'इन' या 'येथे'सारखा सुटा, त्यामुळे त्याला दोन्ही वाटा मोकळ्या. तुमचा कान '-त'च्या सवयीने दोन 'इन' मागतो. ते मागणं चुकीचं नाही. मी असतो तर माहितीपुस्तिकेत दोन 'इन'वालंच ठेवलं असतं: 'लीकेज कॅन ऑकर नॉट ओन्ली इन द जॉइंट्स बट ऑल्सो इन द लॅटरल्स.' 'इन'नंतर लगेच 'नॉट' आलं की जीभ अडखळते.

माहेर_निफाड

मास्तर, बोटं ठेवून बघितलं. साहेबांचं बरोबर निघालं याचं थोडं वाईट वाटलं, पण असो.

त्याच पुस्तिकेतली आणखी तीन टाकते. सगळी माझीच.

एक: 'फर्टिलायझर शुड बी गिव्हन आयदर थ्रू अ व्हेंचुरी ऑर अ टँक.' (व्हेंचुरी म्हणजे पाण्याच्या लाइनमध्ये खत ओढून घेणारं साधन.)

दोन: 'फ्लश द लाइन्स बोथ बिफोर अॅज वेल अॅज आफ्टर द सीझन.'

तीन: 'डू नॉट कीप द पाइप्स नायदर इन द सन नॉर निअर फायर.'

रात्रपाळीची_उपसंपादक

मास्तर झोपले असतील, तोवर मी सांगते. मी इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर बसते, ही तिन्ही रोज भेटतात.

पहिल्यात बोटं ठेवा: 'थ्रू अ व्हेंचुरी' आणि 'अ टँक'. एक तर दुसरा 'थ्रू' घाला, नाहीतर पहिला 'आयदर'च्या आधी न्या: 'थ्रू आयदर अ व्हेंचुरी ऑर अ टँक'.

दुसरं म्हणजे आपला राष्ट्रीय छंद. 'बोथ'ची सोयरीक 'अँड'शी, 'अॅज वेल अॅज'शी नाही. 'बोथ बिफोर अँड आफ्टर द सीझन' एवढंच. इथे एक गंमत बघा, वर सामाईक 'इन' होता, इथे सामाईक 'सीझन' आहे आणि प्रिपोझिशन दोन आहेत. मास्तरांचा कंस या बाजूनेही चालतो. आणि 'बोथ' फक्त दोघांसाठी हं. फिल्टर, व्हॉल्व्ह आणि सबमेन अशी तीन ठिकाणं असतील तर 'बोथ' काढून टाका.

तिसऱ्यात भानगड वेगळी. 'डू नॉट'ने नकार देऊन झालाय, मग 'नायदर' कशाला? आपल्याकडे 'ना उन्हात, ना आगीजवळ' म्हणताना मुळात नकार एकच असतो, इंग्रजीत उतरवताना तो दोनदा पडतो. 'डू नॉट कीप द पाइप्स आयदर इन द सन ऑर निअर फायर' लिहा. खरं तर 'आयदर'ही नको, 'इन द सन ऑर निअर फायर' पुरे. इथे 'इन' आणि 'निअर' वेगळे आहेत, तेव्हा कंसाबाहेर काढण्यासारखं काही नाहीच.

आता मास्तरांशी थोडं भांडते. ताईंचं पहिलं वाक्य तुम्ही म्हणता तेवढं गुन्हेगार नाही. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी ती माणसं बोलताना 'नॉट ओन्ली' सर्रास क्रियापदाआधी टाकतात आणि ऐकणाऱ्याचा काडीचा गोंधळ होत नाही. बातमीत कोणाच्या तोंडचं वाक्य असेल तर मी ते तसंच सोडते.

खडूवाला_मास्तर

झोपलो नव्हतो, मॅच बघत होतो.

बोलण्याचं मान्य. पण माहितीपुस्तिका कोणी बोलत नाही, ती पंपाजवळ उभं राहून एका हाताने वाचतात. फाउलर नावाचा इंग्रज कोशकार होऊन गेला. 1926च्या त्याच्या कोशात जागा चुकलेल्या 'नॉट ओन्ली'ला त्याने जमिनीवर पडलेल्या बारीक खिळ्याची उपमा दिली आहे. दुसरीकडे कुठे ठोकला असता तर कामाला आला असता, इथे नुसता पायात घुसतो, असा त्याचा रोख. आमचे सुतार त्या खिळ्याला चूक म्हणतात. वर्गात एवढं सांगितलं की पुढे समजवायला लागायचं नाही.

उपसंपादकबाई, तुमचं तिसऱ्या वाक्याचं उत्तर मला आवडलं. मीही 'आयदर' उडवला असता.

बांधावरचा_बंड्या

मी गंमत करत होतो, पण आता मलाच प्रश्न पडला. 'फिल्टरमध्येही नाही आणि व्हॉल्व्हमध्येही नाही, ग्रीस कुठेच लावू नये' हे इंग्रजीत 'नायदर'ने सुरू केलं तर? आमच्याकडे पोरं नेमकी तिथेच ग्रीस थापतात.

रात्रपाळीची_उपसंपादक

बंड्या, मग क्रियापदाची उलटापालट करावी लागते: 'नायदर इन द फिल्टर नॉर इन द व्हॉल्व्ह शुड ग्रीस बी अप्लाइड.' 'ग्रीस शुड' नाही, 'शुड ग्रीस'. 'नॉट ओन्ली इन'ने सुरुवात केली तरी तसंच. 'बोथ इन'ने केली तर काही उलटत नाही, कारण त्यात नकार नाही. पण पंपाजवळच्या माणसाला 'डू नॉट अप्लाय ग्रीस इन द फिल्टर ऑर द व्हॉल्व्ह' पुरतं.

माहेर_निफाड

सगळ्यांचे आभार. आज सकाळी अख्खी फाइल बोटं ठेवत वाचली, अजून चार सापडली, त्यातली दोन साहेबांनी तपासून दिलेल्या पानांवरची. ती काही न बोलता दुरुस्त केली.

गळतीच्या वाक्यात दोन 'इन'वालं टाकलं. साहेबांना कारण सांगितलं तर म्हणाले, "माझंही बरोबरच होतं ना?" मी हो म्हणाले. समासातली फुली त्याआधीच खोडरबरने पुसली होती, पण कागद धरला की अजून थोडी दिसते.