डार्टमध्ये दोन ऑब्जेक्ट समान कधी मानायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फ्लटरमध्ये (डार्ट भाषेत ॲप बनवायचं साधन) किराणा दुकानासाठी ॲप करतेय. त्यात 'वस्तू' असा क्लास आहे: आयडी, नाव, नग आणि टॅगची लिस्ट. डार्ट मुळात दोन्ही ऑब्जेक्ट मेमरीत एकच आहेत का, एवढंच बघतं; म्हणून == (समानतेची तपासणी) आणि हॅशकोड (ऑब्जेक्ट पटकन शोधायला वापरतात तो आकडा) दोन्ही ओव्हरराइड करतेय, म्हणजे माझ्या पद्धतीने लिहितेय. पण समानता ठरवू कशावर?

फक्त आयडीवर ठरवली तर सेटमध्ये (एकसारख्या गोष्टी एकदाच ठेवणारा संग्रह) एकच वस्तू दोनदा शिरत नाही. पण नग बदलून नवा ऑब्जेक्ट व्हॅल्यूनोटिफायरला (किंमत बदलली की स्क्रीनला कळवणारा) दिला, की तो जुन्याइतकाच ठरतो आणि स्क्रीन हलतच नाही. सगळ्या फील्डवर ठरवली तर स्क्रीन बदलते, पण सेटमधल्या वस्तूचा नग बदलला की तिचा हॅशकोड बदलतो आणि ती आत असूनही सापडत नाही. हे मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण एरर काहीच येत नाही.

माझा कल असा: सगळी फील्ड फायनल (नंतर न बदलणारी), सगळ्या फील्डवर समानता, आणि सेटऐवजी आयडीवरून शोधता येणारा मॅप. ॲप वाढल्यावर हे टिकतं का? शिवाय टॅगच्या लिस्टसाठी लिस्टइक्वल्स (दोन लिस्टची तुलना) आणि हॅशऑल (लिस्टचा हॅशकोड) ही तयार फंक्शनं पुरतील, की == आणि हॅशकोड आपोआप सांभाळणारं इक्वेटेबल पॅकेज घ्यावं? दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगा.