महागडे स्मार्ट स्पीकर खरोखर त्या किमतीचे असतात का?

मंद्रसप्तक, नाशिक

नमस्कार. आमच्या बैठकीच्या खोलीत साडेपाच हजारांच्या आसपासचा एक छोटा स्मार्ट स्पीकर, अॅमेझॉनचा पाचव्या पिढीचा इको डॉट आहे. सकाळी अभंग, दुपारी सासूबाईंची जुनी नाट्यपदे आणि रात्री घर शांत झाले की माझे ख्यालगायन, असा त्याचा दिनक्रम आहे. गजर लावणे, हवामान सांगणे, कुकरच्या शिट्ट्यांनंतर दहा मिनिटांची वेळ लावणे या कामांत त्याने कधी निराश केलेले नाही. अडचण गाण्याची आहे. तबल्याचा डग्गा त्यावर घुमत नाही, नुसता ठकठक वाजतो. विलंबित लयीत तानपुऱ्याचा भरणा जाणवत नाही. आणि आवाज वाढवला की तार सप्तकातला स्वर कानाला टोचू लागतो.

म्हणून मोठ्या स्पीकरकडे वळावे असे मनात आहे. अॅपलचा दुसऱ्या पिढीचा होमपॉड 2023 मध्ये भारतात 32,900 रुपयांना आला आणि अॅमेझॉनच्या इको स्टुडिओची मूळ किंमत 22,999 रुपये होती. म्हणजे आमच्या छोट्या स्पीकरच्या चौपट ते सहापट पैसे मोजायचे. या वाढीव पैशांतून आवाज खरोखर सुधारतो, की नावाचे आणि देखणेपणाचेच पैसे भरावे लागतात? आणि असा स्पीकर किती वर्षे कामाचा राहतो? खोली साधारण बारा बाय पंधरा फुटांची आहे, फरशी गुळगुळीत टाइल्सची, भिंती बऱ्याचशा मोकळ्या. माझ्याकडे आयफोन आहे. घरातल्या बाकी सर्वांकडे अँड्रॉइड फोन आहेत. पस्तीस हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे, पण ते वाया जाऊ नयेत.

जवारी, पुणे

आपल्या प्रश्नात दोन वस्तू एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज किमतीचा हिशेब लागणार नाही. स्मार्ट स्पीकर म्हणजे एका डब्यात बसवलेला आज्ञाधारक सहायक आणि एक ध्वनियंत्र. सहायकाची बहुतेक बुद्धी कंपनीच्या दूरच्या संगणकांवर असते, त्यामुळे साडेपाच हजारांच्या इको डॉटमधली एलेक्सा, म्हणजे अॅमेझॉनची बोलकी सहायक, आणि तेवीस हजारांच्या स्टुडिओमधली एलेक्सा यांच्या ज्ञानात सांगण्याजोगा फरक नसतो. जे अधिकचे पैसे आपण देतो ते मुख्यतः ध्वनियंत्राचे असतात. ते देणे योग्य की अयोग्य हे आपण काय ऐकता यावर ठरते, आणि आपण जे ऐकता त्याला त्या यंत्राची खरोखर गरज आहे.

काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज, म्हणजे सा, सुमारे 138 हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे 69 हर्ट्झवर बोलते. पाचव्या पिढीच्या इको डॉटमधला स्पीकर जेमतेम पावणेदोन इंचांचा आहे. इतका लहान पडदा 69 हर्ट्झचा स्वर ऐकू येईल इतक्या जोराने काढू शकत नाही, कारण तेवढ्याच जोराने एक सप्तक खाली उतरायचे तर पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. मग आपल्याला छोट्या स्पीकरवरही तानपुरा तानपुराच का वाटतो? कारण त्या तारेत मूळ स्वराच्या पटीत आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर विपुल असतात आणि त्या स्वरांच्या परस्परसंबंधावरून आपला मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. स्वराची ओळख पटते, पण त्याचे वजन अंगाला जाणवत नाही. आपण ज्याला भरणा म्हणता तो नेमका तिथे हरवतो. डग्ग्याचे तर आणखी वाईट होते, कारण मनगटाच्या दाबाने होणारी त्याची मींड याच खालच्या पट्ट्यात फिरत असते आणि तिच्यातला फक्त आघात तेवढा वर उरतो.

आता आकार पाहा. 2019 च्या इको स्टुडिओत सव्वापाच इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर काढणारा स्पीकर आहे. म्हणजे आपल्या स्पीकरच्या जवळजवळ नऊपट पडदा. होमपॉडचा वूफर चार इंची आहे आणि त्याच्यासोबत वरचे स्वर काढणारे पाच छोटे ट्विटर आहेत. तेव्हा नावाचेच पैसे असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. डग्गा आणि खर्ज दोन्ही यंत्रांवर ठळकपणे परत येतील. परंतु हाच आकार स्मार्ट नसलेल्या जोडस्पीकरांत पुष्कळ स्वस्त मिळतो. आत अँप्लिफायर असलेले, चार ते पाच इंची वूफरचे दोन लाकडी पेटीचे स्पीकर दहा-पंधरा हजारांत येतात. आपल्या छोट्या स्पीकरला ब्लूटूथने त्यांच्याशी जोडले की आज्ञा तोच ऐकेल आणि गाणे ते वाजवतील. शिवाय दोन पेट्या सात-आठ फुटांच्या अंतराने ठेवल्या म्हणजे गायक मधोमध, तबला एका बाजूला, संवादिनी दुसऱ्या बाजूला अशी मैफलीची मांडणी कानांना दिसू लागते. एका डब्यातून ती तशी दिसत नाही, मग त्याची किंमत काहीही असो.

एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. सासूबाईंची जुनी नाट्यपदे एकाच वाहिनीवर मुद्रित झालेली असणार. त्यांना दोन पेट्यांचा विशेष लाभ नाही. त्यांतली 1925 च्या आधीच्या पद्धतीने, म्हणजे भोंग्यापुढे गाऊन मुद्रित झालेली असतील, तर खालचे आणि अगदी वरचे स्वर मूळ तबकडीतच फारसे उतरलेले नाहीत. त्या मुद्रणांसाठी सध्याचा छोटा स्पीकर पुरेसा आहे.

उत्तररंग, न्यू जर्सी

जवारी यांचे स्वरशास्त्र मला पटते, पण महाग स्पीकरचे त्यांनी केलेले मोजमाप वूफरच्या इंचांपाशी थांबते आणि तिथे त्या यंत्रावर अन्याय होतो. आमच्याकडे दोन होमपॉड जोडीने वाजतात. स्वतःचाच आवाज भिंतींवरून कसा परततो हे मायक्रोफोनने ऐकून ते खालच्या स्वरांचे प्रमाण सतत बदलत असतात. मंद्रसप्तक यांची खोली टाइल्सची आणि मोकळ्या भिंतींची आहे. अशा खोलीत साध्या पेट्या कोपऱ्यात ठेवल्या की डग्गा घुमण्याऐवजी घोंगावतो आणि एखादा स्वर उगाच फुगतो. हे दुरुस्त करण्याचे ज्ञान साध्या पेट्यांत नसते.

दुसरी गोष्ट रात्रीच्या ऐकण्याची आहे. आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खालचे स्वर इतरांपेक्षा अधिक वेगाने ऐकू येईनासे होतात. चांगले स्मार्ट स्पीकर मंद आवाजात खालचा भाग आपोआप उचलून धरतात, त्यामुळे मुले झोपल्यानंतर अगदी हळू लावलेल्या बागेश्रीतही तानपुरा शेवटपर्यंत टिकून राहतो. ज्यांचे ऐकणे रात्रीचे आहे त्यांच्यासाठी ही सोय चैनीची नाही.

तिसरी गोष्ट, मोठ्याने गाणे चालू असताना हाक ऐकू येणे. स्पीकर स्वतः काय वाजवत आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो ते वजा करून आपली हाक शोधू शकतो. गाणे दुसऱ्याच पेट्यांतून ब्लूटूथने वाजू लागले की ही वजाबाकी कठीण होते आणि माणसाला ओरडावे लागते. जोडणीचा मार्ग सुचवताना ही किंमतही सांगायला हवी.

इतके असूनही मंद्रसप्तक यांना मी होमपॉड घ्या असे सांगणार नाही. तो सुरू करायलाच आयफोन किंवा आयपॅड लागतो आणि त्यावर बाहेरून ब्लूटूथने गाणे पाठवता येत नाही, तार लावायची जागाही नाही. घरातल्या अँड्रॉइड फोनवाल्यांना तोंडी आज्ञा देण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग होणार नाही. चार माणसांच्या घरात एकाच्याच फोनला ओळखणारे यंत्र घेणे मला योग्य वाटत नाही.

दिवेलागण, ठाणे

टिकाऊपणाचा प्रश्न अजून कोणी घेतलेला नाही आणि माझ्या मते किमतीचा निर्णय तिथेच व्हायला हवा. हर्मन कार्डनने 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोर्टाना या बोलक्या सहायकासह इनव्होक नावाचा चांगल्या आवाजाचा स्पीकर काढला. 2021 मध्ये कोर्टाना त्यातून गेली आणि तो साधा ब्लूटूथ स्पीकर उरला. गूगलने साडेचार इंची दोन वूफर असलेला होम मॅक्स 2017 च्या अखेरीस 399 डॉलरला आणला आणि 2020 च्या अखेरीस बंद केला. पहिला होमपॉड 2018 मध्ये आला आणि 2021 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. आज ज्याच्याकडे तो एकटाच आहे त्याला दुसऱ्या पिढीचा आणून जोडी जमवता येत नाही. सोनोस या स्पीकर कंपनीने मे 2024 मध्ये आपले अॅप मुळापासून बदलले तेव्हा गजर आणि झोपेची वेळ लावण्यासारख्या रोजच्या सोयीही काही काळ नाहीशा झाल्या. ग्राहकांचा रोष इतका वाढला की जानेवारी 2025 मध्ये कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. या सर्व उदाहरणांत वूफर ठणठणीत होते. निर्णय बदलले ते कंपनीचे.

पेटी, पडदा आणि अँप्लिफायर नीट वापरले तर पंधरा-वीस वर्षे सहज चालतात, तर सहायकाचा भाग पाच-सात वर्षांत जुना होतो. जास्त टिकणारी वस्तू कमी टिकणाऱ्या वस्तूला कायमची चिकटवून तिचे तीस हजार द्यायचे, हे मला पटत नाही. छोटा स्पीकर कालबाह्य झाला तर पाच हजारांत दुसरा येतो आणि पेट्या जागच्या हलत नाहीत.

खासगीपणासाठी महाग घ्यावा, असेही कोणी सुचवते. 2019 मध्ये अॅमेझॉन, गूगल आणि अॅपल या तिन्ही कंपन्यांच्या सहायकांनी टिपलेल्या बोलण्याचे काही तुकडे माणसे ऐकत असल्याचे उघड झाले होते. तेव्हा किंमत पाहून विश्वास ठेवू नये. झोपण्याच्या खोलीत ठेवणार असाल तर मायक्रोफोन बंद करण्याचे बटण वापरावे.

ओसरी, सांगली

फक्त सासूबाईंच्या सोयीपुरते लिहिते. एलेक्साला 2019 पासून हिंदी समजते, मराठी मात्र फोनवरच्या गूगल असिस्टंटला जितकी समजते तितकी या डब्यांना समजत नाही, आणि हे महाग घेतल्याने सुधारत नाही. जुन्या पदांची नावे बोलून मागितली की भलतेच काही लागते. आमच्या आईसाठी मी फोनवरच्या अॅपमध्ये तिच्या पदांची यादी करून तिला ‘मॉर्निंग वन’ असे सोपे नाव दिले आहे. ती तेवढे दोन शब्द म्हणते आणि हवे ते गाणे लागते.

मंद्रसप्तक, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. होमपॉडचा विचार मी सोडला आहे. घरातल्या फोनांचा मुद्दा माझ्या लक्षात इतक्या स्पष्टपणे आला नव्हता. आता प्रश्न इको स्टुडिओ की दोन पेट्या, इतकाच उरतो. उत्तररंग यांनी खोलीबद्दल आणि हाकेबद्दल सांगितले ते मला महत्त्वाचे वाटते. त्यावर काही उपाय आहे का?

जवारी, पुणे

उत्तररंग यांचे दोन्ही आक्षेप योग्य आहेत. हाकेसाठी छोटा स्पीकर पेट्यांच्या शेजारी न ठेवता आपण जिथे बसता तिथे, हाताच्या अंतरावर ठेवावा. आपला आवाज त्याला गाण्याहून जवळचा वाटेल इतके पुरते. अगदी मोठ्याने ऐकताना मात्र थोडी गैरसोय राहील. खोलीसाठी एक जाड सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर पुस्तकांची फडताळे किंवा जड पडदा पुष्कळ काम करतात. पेट्या कोपऱ्यापासून आणि मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्याव्यात आणि ट्विटर बसल्यावरच्या कानाच्या उंचीला आणावेत. शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबलेली उत्तम पेटीही घोंगावते. रात्रीच्या मंद ऐकण्यासाठी पेट्यांवर बासचे बटण असेल असेच मॉडेल निवडावे. ते हाताने फिरवावे लागेल, पण काम तेच होते.

ज्या घरात जागेची फार अडचण आहे, किंवा तारा आणि पेट्या नकोतच असे सर्वांचे मत आहे, तिथे इको स्टुडिओचे पैसे वाया जात नाहीत. शिवाय त्याच्या 2019 च्या आवृत्तीत मागे तार लावण्याची जागा आहे, त्यामुळे पुढे एलेक्सा नकोशी झाली तरी गाणे वाजवता येते. आपल्याकडे जागा आहे आणि ऐकण्याची आस्थाही आहे, म्हणून मी पेट्यांच्या बाजूने आहे. उरलेल्या पैशांतून सतरंजी आणि पडदे दोन्ही होतील.

दुकानात जाताना आपल्या ओळखीचे एखादे मुद्रण फोनवर उतरवून न्यावे आणि तेच लावायला सांगावे, कारण तिथे बहुधा बास वाढवलेली चित्रपटगीतेच ऐकवली जातात. विलंबित ख्यालाची पहिली दोन मिनिटे, केवळ तानपुरा आणि आलाप, आधी ऐकावीत. मग द्रुत लयीतला डग्गा ऐकावा. शेवटी आवाज निम्म्याहून खाली आणून तोच भाग पुन्हा ऐकावा. अशा जोडस्पीकरांत अँप्लिफायर बहुधा एकाच पेटीत असतो आणि दुसरीपर्यंत तार न्यावी लागते. सोबत मिळणारी तार आखूड असते, म्हणून आपल्या भिंतीवरचे अंतर आधी मोजून लांब तार त्याच वेळी घ्यावी, आणि दुरुस्ती नाशिकमध्येच होते की पेटी मुंबईला पाठवावी लागते हे बिल करण्यापूर्वी विचारून घ्यावे.